फोन एंगेज लागत होता

बायको गेली आणि घरातल्या फोनमधलं बोलणंच संपलं. फोन वाजायचा, मी उचलायचो, पलीकडून पोरगी म्हणायची, "अप्पा, बरी हाय मी." मी म्हणायचो, "बरं." आणि फोन बंद.

बायको निपाणीकडची. तिचं आणि पोरीचं फोनवरचं बोलणं कायम कानडीत चालायचं. पोरगी लग्न होऊन मस्कतला गेली तरी तसंच. जावयाला कानडीतलं ओ की ठो कळत नव्हतं, त्यामुळं तो शेजारी उभा असला तरी मायलेकी हवं ते बोलायच्या. बायको भिंतीला पाठ लावून पाय पसरून बसायची, रिसीव्हर खांद्यात धरायची आणि हातानं लसूण सोलत राहायची. मला कानडी भाकरी-पाण्यापुरतं. फोन ठेवला की मी विचारायचो, "काय म्हणती?" ती म्हणायची, "बरं हाय म्हणती." मग दुपारभर गप्प. एकदा मी म्हणालो, बरं हाय तर तोंड का असं? तर म्हणाली, "तुमाला सांगून काय करायचं? तुमी डोकं फिरवून घेणार आणि कारखान्यात लेथवर बोट घालवणार."

ती गेली तेव्हा पोरगी आली नाही. आमच्यात माणसाला बसवून पुरतात. विभूती लावली, खड्ड्यात बसवली, मीठ घातलं, आणि भाऊकीतल्या बायका सारख्या मागं बघत होत्या, की पोरगी कुठाय म्हणून. जावयानं फोनवर सांगितलं, "मामा, तिला सुट्टी मिळत नाही." मी म्हणालो, तिला दे. तिनं घेतला. म्हणाली, "बरी हाय मी." आई मेलेल्या दिवशी कुणी असं म्हणतं व्हय?

पुढं उन्हाळ्यात मस्कतची एक बाई सुट्टीला आली. इचलकरंजीची, पोरीच्याच इमारतीत राहणारी. खजुराचा डबा घेऊन घरी आली. पाणी दिलं, चहा टाकायला उठलो तर म्हणाली, "काका, बसा. मला जायचंय, रिक्षा थांबवलीया." आणि दाराकडं बघून आवाज खाली केला. "तिनं सांगितलंय, घरी इंटरनेट घ्या. कॅफेत जाऊ नका. ऑफिसात साहेब बाहेर गेला की ती दुपारी चॅटवर बसंल. तिचं तिथलं नाव ह्या चिठ्ठीत हाय. कुठल्या दिवशी ते तिलाच ठाऊक नसतं, तवा रोज बसा. आणि जावयांना कळू देऊ नका."

"का? काय झालंय?"

"मी काय सांगू काका? आमच्या भिंतीला भिंत हाय. पण ती मला फक्त जिन्यात भेटती. घराला बाहेरनं कुलूप असतं सुट्टीदिवशी."

खजुराचा डबा मी किती तरी दिवस उघडला नाही.

आता अडचण सांगतो. परदेशी जायच्या आधी जावयाचं इथंच कोल्हापुरात कॉम्प्युटर जोडून द्यायचं दुकान होतं. गावात कुणाचाही कॉम्प्युटर बिघडला की त्याच्याच दोस्तांपैकी कुणी तरी पिशवी घेऊन यायचा. कॅफेवालेही तेच. म्हणजे ज्या माणसापासून लपवायचं त्याचीच माणसं घरात बोलवावी लागणार. मी सातवी नापास. उद्यमनगरात आयुष्यभर लेथ चालवला. ड्रॉइंगवरची इंग्रजी अक्षरं आणि आकडे वाचता येतात, बाकी इंग्रजी म्हणजे अंधार.

माझा एक दोस्त होता, मोटर वाइंडिंगचा मिस्त्री. मुसलमान माणूस, तोंडानं फाटका, मनानं घट्ट. त्याला एकट्याला सगळं सांगितलं. त्यानं विडी पेटवली आणि म्हणाला, "अण्णा, तुझ्या बापानं केलतं का इंटरनेट?"

"तुझ्या तरी बापानं केलतं का?"

"न्हाय. मग दोघंबी सारखंच गाढव. करूया चल."

कॉम्प्युटर मिळाला तो माझ्या जुन्या कारखान्याच्या मालकाकडनं. त्यांनी नवे घेतले होते, हा कोपऱ्यात धूळ खात होता. त्यात विंडोज होतं, पण सुरू केलं की पडद्यावर नुसत्या चौकटी उघडायच्या आणि सगळं गोठून जायचं. व्हायरस म्हणे. नवीन विंडोज घालायचं तर परत तीच पिशवीवाली पोरं. मिस्त्रीनं रद्दीवाल्याकडनं कॉम्प्युटरचं एक इंग्रजी मासिक आणलं, त्याच्या पोटात सीडी चिकटवलेली. लिनक्स. डिक्शनरी घेऊन मागचं लावलं तेव्हा कळलं की हे विंडोजच्या जागी चालतं, फुकट आहे, कुणीही घ्यावं, कुणीही उघडून बघावं.

"फुकट कोण देतंय?" मी म्हणालो.

"अण्णा, हवा फुकट हाय का न्हाय? घाल सीडी."

सीडी घातली. ती काय काय विचारत गेली, आम्ही दर वेळी 'यस' म्हणत गेलो. एका ठिकाणी विचारलं की आधीचं सगळं पुसू का. मिस्त्री म्हणाला, "पूस बाई, आमच्याकडं काय हाय?" दुपारी सुरू झालेलं काम दिवेलागणीला संपलं आणि पडद्यावर लिनक्सची खूण, एक पेंग्विन आला. आम्ही दोघं त्या पक्ष्याकडं बघत बसलो. पोरगी मस्कतला कुलपात, आणि हा पोट पुढं काढून हसतोय.

इंटरनेट मात्र लागेना. फोनच्या वायरवरनं इंटरनेट आणणारा आतल्या कार्डातला मोडेम लिनक्सला दिसतच नव्हता. मासिकात चित्र होतं, परत डिक्शनरी घेऊन एकेक शब्द लावला तेव्हा कळलं की तसले स्वस्त मोडेम फक्त विंडोजच्या हाताखाली काम करतात. बाहेर ठेवायचा मोडेम पाहिजे, दिवे लुकलुकणारा. तो भंगारात मिळाला. मागं जोडला, फोनची वायर त्यात खोचली. मग डायल करायच्या प्रोग्रॅमनं विचारलं, मोडेम कुठल्या भोकात आहे? पहिलं म्हणून सांगितलं, नाही चाललं. दुसरं म्हणून सांगितलं तेव्हा दिवे पेटले. मिस्त्रीनं टाळी दिली. पडदा म्हणाला, डायल टोन नाही.

"खोटं बोलतंय," मी म्हणालो. रिसीव्हर कानाला लावला, टोन गुरगुरत होता. परत लावलं. परत, टोन नाही. कानाला ऐकू येणारी गोष्ट यंत्र नाही म्हणतंय, याचा फार राग येतो. मिस्त्री म्हणाला, "आपल्या एक्स्चेंजचा टोन त्याला वळकत नसंल. परदेशी माल हाय." एका खिडकीत एक बरोबरची खूण होती, की डायल टोनची वाट बघ. ती काढून टाकली. म्हणजे ऐकू येवो न येवो, टेलिफोन ऑफिसनं इंटरनेटसाठी दिलेला नंबर तू आपला फिरव. फिरवला. मोडेम असा किंचाळला की शेजारचं कुत्रं उठून उभं राहिलं.

जोडलं गेलं. दिवे जळत होते, पडदा म्हणत होता कनेक्टेड, पण एकही पान उघडेना. पांढरं. नुसतं पांढरं. त्या पांढऱ्याकडं बघताना मला खड्ड्यातलं मीठ आठवायचं.

माझ्या धंद्यात एक शिस्त आहे. माप चुकलं की एका वेळी एकच पेच फिरवायचा, मग तपासायचं. दोन फिरवले तर कुठल्यानं बिघडलं ते कळत नाही. तसं करत गेलो. दाराच्या मागं खडूनं खूण करायची, एक सेटिंग बदलायचं, बघायचं. पण घोळ असा व्हायचा की आज बदललेलं उद्या जाग्यावर नसायचं. सकाळी कॉम्प्युटर सुरू करावा तर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावायला लागायची, तपासतोय, तपासतोय म्हणायचा, आणि उघडलं की डायल टोनची खूण परत आपल्या जागी. मला वाटलं घरात कोण येतंय. खरंच वाटलं. कडी तपासली, खिडकीचे गज हलवून बघितले. जावयाची माणसं येऊन सेटिंग फिरवून जातात असं दोन दिवस माझ्या डोक्यात होतं.

मिस्त्रीनं एकदा मला काम संपवताना बघितलं. "हे काय करतोस?"

"मेन बंद करतोय."

"असं? थेट?"

"मग कसं? खटका ओढल्याशिवाय मशीन सोडून जातोस व्हय तू?"

लेथ तसाच बंद करायचा असतो. चाळीस वर्षं हाताला तीच सवय. कॉम्प्युटरला मात्र आधी सांगावं लागतं, की बाबा आता आवर. न सांगता करंट काढला की लिहायचं राहिलेलं तसंच विरतं. मिस्त्री हसून हसून खोकला. मला हसू आलं नाही. तेवढ्यात किती दुपारी वाया गेल्या? तिकडं ती बसत असेल आणि इकडं कुणीच नसेल.

एका सकाळी जावयाचा फोन आला.

"मामा, तब्येत कशी?"

"बरी हाय."

"काल फोन लावत होतो. दुपारभर एंगेज."

"रिसीव्हर नीट बसला नसंल."

"परवा पण एंगेज." तो हसला. "रोज दुपारीच रिसीव्हर बसत नाही व्हय? मामा, इंटरनेट घेतलंय काय?"

मी लपवायला सगळ्या गावाला चुकवलं, आणि जी वायर मोडेमला जोडली तीच वायर मस्कतला ओरडून सांगत होती. इंटरनेट चालू असलं की फोन एंगेज लागतो, हे ज्यानं हाच धंदा केला त्याला कळणार नाही?

"मला कशाला इंटरनेट? मी सातवी नापास."

"तेच म्हणतो. असेल तर सांगा बरं का. कुणी बसवून दिलंय ते कळू दे, माझी पोरं येऊन बघतील नीट केलंय का. वय झालंय तुमचं. एकटे असता."

"ती कुठाय? दे तिला."

"झोपलीय." आणि ठेवला.

सकाळी. झोपलीय म्हणे.

त्याच दिवशी मी टेलिफोन ऑफिसात गेलो. खिडकीतल्या बाईंना सांगितलं, जोडलं जातंय पण उघडत काही नाही. त्या म्हणाल्या, "डीएनएस भरलाय का?" मी म्हणालो, बाई, माणसाच्या भाषेत सांगा. त्या चांगल्या होत्या. म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही नाव सांगता, पण कॉम्प्युटरला नंबर लागतो. नावावरून नंबर सांगणारा कोणी तरी लागतो. त्याचा पत्ता तुम्ही भरलेला नाही." ठिपक्याठिपक्यांचे दोन नंबर दिले. घरी येऊन भरले. मिस्त्रीला बोलवायलाही थांबलो नाही. मोडेम किंचाळला, शांत झाला, आणि ते पांढरं हळूहळू वरून भरत आलं. रंग आले, अक्षरं आली.

चॅटचा प्रोग्रॅम सीडीत होताच. मस्कतच्या बाईनं चिठ्ठीत दिलेलं नाव घातलं. त्या दुपारी कोणी नाही. दुसऱ्या दुपारी कोणी नाही. फोन एंगेज ठेवून बसलोय हे मला कळत होतं, तिकडं तो नंबर फिरवत असेल हेही कळत होतं. शुक्रवार तिकडं सुट्टीचा म्हणून तेवढा सोडला. मग एका दुपारी नावापुढचा दिवा पेटला.

"अप्पा तुमीच हाय का?" असं इंग्रजी अक्षरांत आलं.

मी एका बोटानं अक्षरं शोधत लिहिलं, "व्हय."

"खरंच तुमीच? सकाळी भाकरी कुणी केली?"

"मीच. करपली."

मग आलं, "ते तुमच्याबद्दल विचारतात. घरी कोण येतं, फोन एंगेज का. माझा पगार, पासपोर्ट त्यांच्याकडं. अव्वा गेली तवा मी आतनं दार वाजवत बसले."

पुढचं इथं लिहीत नाही. तिचं आहे ते.

मी लिहिलं, "ये हिकडं."

"सोडत न्हाईत."

दिवा तसाच होता. मग मी लिहिलं, "मी मरायला टेकलो तर?"

आता आमच्याकडची रीत सांगतो. बाप अत्यवस्थ आहे असा निरोप गेला आणि पोरीला पाठवलं नाही, तर त्या माणसाला पुढं या जिल्ह्यात कोण पंगतीला बसवत नाही. आईच्या वेळी सुट्टीचं कारण खपून गेलं. दुसऱ्यांदा खपणार नव्हतं, आणि हे त्यालाही माहीत होतं, कारण त्याचे आईबाप इथंच राहतात, मुरगूडला.

तिनं लिहिलं, "त्यांना पटणार न्हाई. इंटरनेटचा संशय हाय."

तिच्या त्या वाक्यावर मी आणि मिस्त्रीनं सगळी संध्याकाळ घालवली. शेवटी मिस्त्रीच म्हणाला, "अण्णा, एंगेज लागतोय न्हवं? लागू दे. आजपासनं रात्रंदिस लागू दे."

आम्ही मोडेम काढला आणि रिसीव्हर टांगता सोडला. दोन दिवस तो टेबलाखाली लोंबकळत होता. मधूनच कुँकुँ करायचा. मग मिस्त्री एसटीडी बूथवर गेला आणि मस्कतला फोन लावला. मला नंतर त्यानं करून दाखवलं. "पावणं, मी मिस्त्री बोलतोय. तुमच्या सासऱ्याला झटका आला. कवा आला कुणाला ठावं. फोनपाशीच पडला होता, रिसीव्हर लोंबत हुता. तुमालाच लावाय गेला असंल बघा." एवढं बोलून त्यानं खरंच हुंदका दिला म्हणे. पैसे वाया जाऊ नयेत म्हणून.

मग मला झोपवलं. ती झोप मी कुणा वैऱ्याला देणार नाही. भाऊकी जमली, त्यांना खरं सांगितलं नव्हतं. बायको जिथं पडून होती त्याच खाटेवर मी, त्याच भिंतीकडं तोंड करून. चुलती पायाशी बसून गळा काढायची. थोरला चुलतभाऊ बाहेर कट्ट्यावर खड्डा कुठं काढायचा ते बोलत होता, बायकोच्या शेजारी जागा आहे म्हणाला. डोळे मिटून ऐकताना मला एकदाच वाटलं, की बरंच आहे, उठायचं कशाला.

ते दोघं आले. पोरगी आत आली आणि पायाशी बसली. मी पापणीच्या फटीतनं बघितलं. माझी पोरगी ओळखू आली नाही. गळ्याची हाडं वर आलेली. तिनं माझ्या पावलावर हात ठेवला, तो हात थंड होता.

जावई बसला नाही. सगळ्या खोलीत नजर फिरवली आणि कोपऱ्यातल्या टेबलावरची चादर उचलली. म्हातारं मरायला टेकलंय, बायका रडतायत, आणि हा कॉम्प्युटर सुरू करतोय. चुलती रडायची थांबली. पडद्यावर पांढरी अक्षरं धावली, पेंग्विन आला, मग त्यानं नाव आणि पासवर्ड विचारला.

"हुशार आहेत मामा," तो म्हणाला. मग माझ्या तोंडाशी वाकला. "पासवर्ड काय ठेवलाय?"

पोरीची बोटं माझ्या पायात रुतली.

मी उठून बसलो. "सांगत न्हाई," म्हणालो.

चुलती किंचाळली. भाऊ कट्ट्यावरनं आत आला आणि तोंड वासून म्हणाला, "आरं, ह्यो तर धडधाकट हाय की! लाज वाटत न्हाई? माणसं मुंबईस्नं यायला निघाल्यात!"

"न्हाई वाटत. आईच्या मातीला पोरगी पाठवली न्हाई ह्यानं. कुलपात ठेवली हुती. म्हणून मेलो. आता हिचा पासपोर्ट हितं ठेवा, पावणं."

भाऊ माझ्यावर भडकलेला, त्याच्या डोळ्यांत मला दिसत होतं की हा कुठंही कलंडू शकतो. जावई हात जोडून त्यालाच म्हणाला, "बघा काका, मामांच्या डोक्यावर परिणाम झालाय. बायको माझी आहे, मी नेतो."

"तुजी हाय," भाऊ म्हणाला, "मग मातीला का न्हाई आणलीस?"

"सुट्टी..."

"तिला इचारतो मी." तो पोरीकडं वळला. "बोल गं. जायाचं हाय का तुला?"

ती मान वर न करता म्हणाली, "न्हाई."

एवढंच. मिस्त्री दारात पाठ लावून उभा होता. जावयानं त्याच्याकडं बघितलं, भाऊकीकडं बघितलं, कमरेच्या पाकिटातनं पासपोर्ट काढला आणि खाटेवर टाकला. घाई केली नाही. बाहेर जाऊन शांतपणे बूट घालायला लागला. मी उंबऱ्यापर्यंत गेलो. नाडी बांधता बांधता, वर न बघता, फक्त मला ऐकू जाईल असं तो म्हणाला, "मामा, तुम्ही किती वर्षं पुरणार?"

पोरीनं विचारलं, काय म्हणाले? मी म्हणालो, "काय न्हाय. जातो म्हणाला."

मिस्त्री पुढं वारला. भाऊही गेला. पोरगी राजारामपुरीत एका ऑफिसात कामाला लागली. सोडचिठ्ठीच्या कागदावर त्यानं कधी सही केली नाही, आणि मधे कोण तरी सांगत होतं की तो गावाकडं येऊन गेला. रोज संध्याकाळी ती सुटायच्या वेळेला मी गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहतो. गुडघे दुखतात, पण बसत नाही. बसलेला म्हातारा लांबून बघणाऱ्याला फार म्हातारा दिसतो.